बक्षिसाचे पॉइंट आणि घरचा जमाखर्च

दादरहून परळकडे जाणाऱ्या आंबेडकर मार्गावर हिंदमाता चौक आहे, हें मुंबईच्या वाचकांस सांगावयास नको. परगांवच्या वाचकांसाठीं एवढें सांगतों कीं, ह्या चौकाची ख्याति दोन गोष्टींबद्दल आहे. एक, साड्यांची व कापडचोपडाची बाजारपेठ. आणि दुसरी, पावसाळ्यांत तुंबणारें पाणी. जागा बशीसारखी खोलगट. मोठा पाऊस व समुद्राची भरती एकाच वेळीं आली कीं येथें रस्त्याचा तलाव व्हावा, असा वर्षानुवर्षांचा प्रघात. ह्यावर उपाय म्हणून महापालिकेनें २०२१ सालीं जवळच्या प्रमोद महाजन कला उद्यानांत व सेंट झेवियर मैदानांत भूमिगत टाक्या बांधावयास घेतल्या. पावसाचें पाणी तेवढ्यापुरतें टाकींत सांठवावयाचें आणि ओहोटी लागली कीं सोडून द्यावयाचें, अशी ती योजना. टाकी वेळेवर रिकामी झाली तरच ती दुसऱ्या पावसास उपयोगी. ह्या टाक्यांचा आमच्या आजच्या विषयाशीं काय संबंध, तें पुढें येईलच.

आमचें बिऱ्हाड ह्याच चौकाच्या मागच्या गल्लींत. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवून आम्ही निवृत्त झालों. घरांत लहानमोठीं मिळून नऊ माणसें, चूल एक आणि जमाखर्चाची वही एक. वही लिहिण्याचें काम वडिलांच्या मागें आमच्याकडे आलें, तें आजतागायत चालू आहे. शब्दरूपें घोकून घेण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यानें क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर लिहावें ह्याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु जी वस्तु घरांत आली, जिच्यामुळें आमच्या वहींत एकदां मोठें भगदाड पडलें आणि जिनें पुढें तें भगदाड कष्टानें भरूनही काढलें, तिच्याकडे गृहस्थाश्रमी माणसानें पाठ फिरवून कसें चालेल?

प्रथम ही कल्पना कोठून आली, तें पाहूं. गिऱ्हाइकानें जितकी खरेदी करावी तितक्या प्रमाणांत त्यास कांहीं परत द्यावें, ही रीत कांहीं बँकांनीं शोधून काढलेली नाहीं. इंग्लंडांत रॉचडेल गांवीं १८४४ सालीं विणकर व इतर कारागीर अशा २८ जणांनीं एक सहकारी दुकान काढलें. जो नफा उरे तो सभासदांस त्यांच्या खरेदीच्या प्रमाणांत वांटून द्यावयाचा, हा त्यांचा नियम. तोच सहकाराचा विचार आमच्या शेजारीं नायगांवांत १९४८ सालीं गिरणी कामगारांनीं ‘अपना बाजार’ सुरू करून रुजविला. ह्या सहकारी रीतींत परत मिळणारा पैसा सभासदांचाच असतो. दुकानही त्यांचें, नफाही त्यांचा.

दुसरी शाखा व्यापाऱ्यांची. अमेरिकेंत १८९६ सालापासून स्पेरी आणि हचिन्सन ह्या कंपनीचीं हिरवीं तिकिटें निघालीं. दुकानदार खरेदीबरोबर तिकिटें देई, गिऱ्हाईक तीं वहींत चिकटवी आणि वही भरली कीं भांडीकुंडीं घेऊन येई. १९५० सालीं न्यूयॉर्क शहरांत डायनर्स क्लबाचें कार्ड निघालें. आपल्याकडे सोराबजी पोचखानवाला ह्यांनीं १९११ सालीं मुंबईंत स्थापिलेल्या सेंट्रल बँकेनें १९८० सालीं आपलें कार्ड काढलें. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्स ह्या विमान कंपनीनें वारंवार प्रवास करणारांस मैलांच्या हिशेबानें बक्षीस देण्यास आरंभ केला. तिकिटांची वही, उधारीचें कार्ड आणि विमानाचे मैल ह्या तीन प्रवाहांच्या संगमांतून आजचा रिवॉर्ड पॉइंट जन्मास आला आहे.

आतां हा पॉइंट देण्यास बँकेकडे पैसा येतो कोठून? हा प्रश्न आमच्या वहिनींनीं विचारला तोंपर्यंत आम्हांसही सुचला नव्हता. त्याचें उत्तर दुहेरी आहे. आपण कार्डानें १०० रुपयांची साडी घेतली, तर दुकानदाराच्या हातीं १०० रुपये पडत नाहींत; सुमारें दोन रुपये कापले जातात. ते त्याची बँक, आपली बँक आणि कार्डाचें जाळें चालविणारी कंपनी ह्यांच्यांत वांटले जातात. आपल्या बँकेच्या वांट्यास जें येतें, त्यांतील एक तुकडा ती आपणांस पॉइंटांच्या रूपानें देते. हा पहिला झरा. दुसरा झरा व्याजाचा. जे लोक बिल पुरतें भरीत नाहींत, त्यांच्याकडून दरमहा शेंकडा साडेतीनच्या आसपास व्याज घेतलें जातें. म्हणजे वर्षाचे ४२ टक्के! जुन्या सावकाराच्या नांवानें बोटें मोडणाऱ्या आपल्या समाजानें हा आंकडा एकदां पाटीवर लिहून पाहावा.

हा दुसरा झरा किती खोल आहे, तें आम्ही २०२२ च्या वैशाखांत शिकलों. पुतणीचें लग्न ठरलें होतें. बस्ता बांधावयास दूर कोठें जावयाचें? घराच्या पायऱ्या उतरल्या कीं बाजार. पुतण्यानें सांगितलें, “काका, रोख कशाला देतां? कार्डावर घेऊं. पॉइंट मिळतील.” शालू, पैठणी, मानपानाचीं लुगडीं, आहेराचे कपडे मिळून १,२०,००० रुपयांची खरेदी झाली. त्यांतील निदान वीस हजारांची खरेदी केवळ पॉइंटांच्या लोभानें झाली असें आमचें मत आहे. पुतणी अजून तें कबूल करीत नाहीं.

पॉइंट मिळाले, ह्यांत शंका नाहीं. दर १५० रुपयांस ४ पॉइंट ह्या दरानें ३,२०० पॉइंट कार्डावर जमा झाले. बिलांत वळते करून घ्यावयाचे तर एका पॉइंटाचे २० पैसे. म्हणजे सगळे मिळून ६४० रुपये. परंतु लग्नाच्या धांदलींत बिलाची तारीख आली तेव्हां मुलाच्या खात्यांत पुरती रक्कम नव्हती. बिलावर ‘मिनिमम ड्यू’ म्हणून ६,००० रुपये छापलेले होते. तेवढे भरले म्हणजे झालें, अशी त्याची समजूत. ती समजूत चुकीची होती. मिनिमम भरल्यानें फक्त उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाहीं. शिवाय बिल पुरतें न भरल्यास बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून धरलें जातें. इतकेंच नव्हे, तर बाकी फिटेपर्यंत पुढच्या नव्या खरेदीसही पहिल्या दिवसापासून व्याज लागतें.

ढोबळ हिशेब असा. १,२०,००० रुपयांवर दीड महिन्याचें व्याज ६,३०० रुपये; ६,००० भरल्यावर उरलेल्या १,१४,००० वर आणखी एका महिन्याचें ३,९९० रुपये; एकूण १०,२९०. त्यावर १८ टक्के जीएसटी १,८५२ रुपये. सारें मिळून १२,१४२ रुपये. व्याजावरील व्याज आम्हीं ह्यांत धरलेलेंच नाहीं. पुतण्या ही गोष्ट मनांत ठेवून झुरत होता. शेवटीं एके रात्रीं बिलाचा कागद आमच्यापुढें ठेवून तो खालीं मान घालून उभा राहिला. आम्हीं दुसऱ्या दिवशीं निवृत्तीच्या पैशांतील एक ठेव मुदतीपूर्वीं मोडली आणि बाकी चुकती केली. ६४० रुपयांचें बक्षीस घ्यावयास जाऊन १२,१४२ रुपये घालविले. वहींत खर्चाकडे ती रक्कम लिहितांना वडिलांची आठवण झाली. वाण्याची उधारी महिनाअखेर चुकती केल्याखेरीज ते पगारांतला पैसा दुसरीकडे वळवीत नसत.

कार्ड कातरून टाकावें, असा आमचा पहिला विचार होता. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, विळीनें बोट कापलें म्हणून कोणी विळी टाकून देतें का? बसायचें कसें तें शिकायचें.” आम्ही शिकलों. त्या दिवसापासून घरांत जे नियम झाले, ते वाचकांच्या उपयोगीं पडतील म्हणून देतों.

पहिला नियम असा कीं, बिल तारखेच्या आधीं आणि पुरतें भरावयाचें. बँकेंत तशी कायमची आज्ञा देऊन ठेवतां येते. पूर्ण रकमेची द्यावी, मिनिमम रकमेची नव्हे. ज्याच्या खात्यांत आज पैसा नाहीं, त्यानें कार्ड काढूं नये. कार्ड हें कर्ज काढण्याचें साधन न मानतां केवळ पैसे देण्याचें साधन मानावें. कर्ज काढून तूप पिण्याचा चार्वाकाचा उपदेश प्रसिद्ध आहे. पण त्या तुपावर ४२ टक्के व्याज असतें, तर चार्वाकानेंही कोरडी भाकरी पसंत केली असती.

दुसरा नियम, पॉइंटांसाठीं एक पैशाचीही वस्तु घ्यावयाची नाहीं. जें घ्यावयाचेंच आहे, तें कार्डावर घ्यावें. आणि दुकानांत आधीं भाव विचारावा. आमच्या बाजारांतील पुष्कळ दुकानदार रोखीनें किंवा यूपीआयनें पैसे दिल्यास दोनतीन टक्के सोडतात. कारण बँक खात्यांतून थेट यूपीआयनें आलेल्या पैशांवर त्यांस २०२० पासून कांहीं द्यावें लागत नाहीं. दहा हजारांच्या खरेदींत ३०० रुपये सोडणारा दुकानदार आणि ५३ रुपयांचे पॉइंट देणारी बँक, ह्यांत कोणाकडे जावें हें चौथीचा मुलगाही सांगेल.

तिसरा नियम एकत्र कुटुंबास विशेष लागू. घरांत चार कार्डें चौघांच्या नांवानें असतील, तर पॉइंटही चार ठिकाणीं विखुरतात आणि कोठेंच कामापुरते जमत नाहींत. त्याऐवजीं एक मुख्य कार्ड आणि त्यास जोडलेलीं घरच्यांचीं कार्डें घेतलीं, तर साऱ्यांचे पॉइंट एका ठिकाणीं येतात व खर्चाच्या अटीवर वार्षिक शुल्कही माफ होऊं शकतें. मात्र बिलाची जबाबदारी एकट्या मुख्य कार्डधारकावर असते, हें त्यानें व इतरांनींही विसरूं नये. आमच्याकडे मुख्य कार्ड पुतण्याचें. पण दर शनिवारीं त्याचा खर्च वहींत उतरलाच पाहिजे. किराणा, विजेचें बिल, मुलांची फी, विम्याचे हप्ते, औषधें हें सारें त्यावर जातें. पेट्रोल, घरभाडें, सरकारी भरणा व वॉलेटांत भरलेले पैसे ह्यांवर पुष्कळ कार्डें पॉइंट देत नाहींत, तेव्हां नियमांचा कागद आधीं वाचावा.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. पॉइंट म्हणजे पैसा नव्हे. तें केवळ वचन आहे, आणि त्याची किंमत आपण तें कोठें मोडतों ह्यावर ठरते. आमच्या कार्डाचाच दाखला घ्या. पॉइंट बिलांत वळते केले तर प्रत्येकीं २० पैसे. दुकानांच्या कुपनांत बदलले तर ३५ पैसे. बँकेच्याच प्रवासाच्या दालनांतून विमानाचें तिकीट काढलें तर ५० पैसे. म्हणजे तेच ३०,००० पॉइंट एका खिडकीवर ६,००० रुपयांचे, दुसरीवर १०,५०० चे आणि तिसरीवर १५,००० चे! बँकेच्या सूचींतील मिक्सर व कुकर ह्यांची किंमत तर बाजारांत विचारूनच पाहावी. तेथें छापलेला भाव आमच्या नाक्यावरच्या भावाशीं क्वचितच जुळतो. शिवाय पॉइंट मोडण्याबद्दल कांहीं बँका ९९ रुपये व वर कर असा आकार घेतात. थोडे थोडे पॉइंट वारंवार मोडणारा तेथेंच हरतो.

पांचवा नियम, मुदत पाहावी. आमच्या कार्डावर पॉइंट दोन वर्षांनीं बाद होतात. बँक किंमतही बदलते; आज ५० पैसे असलेला पॉइंट उद्यां ४० पैशांचा होऊं शकतो, आणि त्यास व्याज तर मिळतच नाहीं. म्हणून आरंभीं त्या टाक्यांचा उल्लेख केला. पॉइंट सांठवावे, पण ओहोटीची वेळ पाहून सोडून द्यावे; भरून ठेवलेल्या टाकीचा कोणास अभिमान नको. विसरलेले पॉइंट हा बँकेचा नफा होय.

ह्या नियमांनीं चालून २०२४ च्या पावसाळ्यानंतर आमच्या कार्डावर ३०,००० पॉइंट झाले. दर १५० रुपयांस ४, ह्या हिशेबानें त्यांमागें ११,२५,००० रुपयांचा खर्च आहे. म्हणजे नऊ माणसांच्या घराचा दोन वर्षांचा, दरमहा सुमारें ४७,००० रुपयांचा प्रपंच. त्यांचें काय करावें, ह्यावर रात्रीं जेवणें झाल्यावर विचार झाला. मुलांना टॅब हवा होता, सूनबाईंना मिक्सर. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आईला काशीला न्यायचें राहिलें आहे.”

आमचे थोरले बंधु निवृत्त झाल्यावर दोघांनीं काशीस जावयाचें ठरविलें होतें. तें घडण्यापूर्वींच ते गेले. वहिनींचें वय ७४, गुडघे अधू; एक दिवस व एक रात्र आगगाडींत बसणें त्यांस झेपणार नव्हतें. विमानाचा प्रश्न निघाला कीं “एवढे पैसे कशाला?” म्हणून त्या उठून जात.

पुतण्यानें तिकिटें पाहिलीं. बँकेच्या दालनांत मायलेकांचें जाण्यायेण्याचें भाडें २४,००० रुपये. तेंच विमान कंपनीच्या स्वतःच्या जागीं २३,२०० रुपये. ही तुलना वाचकांनीं नेहमीं करावी, कारण दालनांतील भाडें चढें असलें तर पॉइंटांचा लाभ तेथेंच गळतो. तिकिटाच्या किमतीपैकीं ७० टक्क्यांपर्यंतच पॉइंट चालत. आमचे ३०,००० पॉइंट १५,००० रुपयांस गेले, ९,००० रुपये खिशांतून भरले. भाड्यांतला ८०० रुपयांचा फरक वजा जातां खरा लाभ १४,२०० रुपयांचा, म्हणजे पॉइंटामागें सुमारें ४७ पैसे. बिलांत वळते केले असते तर ६,००० च पडले असते.

वहिनींस हें सांगितलें तेव्हां त्यांनीं विचारलें, “भाऊजी, हें फुकट कोण देतें? ह्यांत कोणाचे पैसे आहेत?” वर दिलेलें सारें आम्हीं त्यांस समजावून सांगितलें: दुकानदाराचे दोन रुपये आणि बिल न भरणारांचें व्याज. त्या थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. नंतर म्हणाल्या, “म्हणजे त्या वर्षीं ह्या मुलानें जें व्याज भरलें, त्यावर दुसरें कोणी तीर्थयात्रा करून आलें असेल.”

पुतण्यानें मान खालीं घातली. आम्हीं वही उघडली. १४,२०० मधून १२,१४२ वजा केले. बाकी २,०५८ रुपये. दोन वर्षांची शिस्त, दर शनिवारची नोंद, ११,२५,००० रुपयांचा खर्च एका कार्डावर नेण्याची यातायात, ह्या साऱ्यांनीं मिळविलेला लाभ अडीच महिन्यांच्या एका चुकीनें जवळजवळ गिळला होता. ह्या विषयावर आम्हांस वाचकांस जें सांगावयाचें आहे, तें ह्या एका वजाबाकींत आहे.

मार्गशीर्षांत मायलेक काशीस गेले. बाबतपूरच्या विमानतळावर उतरल्यावर वहिनींनीं फोन केला तो असा: “आले. ढग खालीं होते. तुमचे बंधु असते तर खिडकी त्यांनींच घेतली असती.” परत आल्यावर त्यांनीं गंगाजलाची लोटी देवापुढें ठेवली आणि वही मागवून घेतली. आम्हीं १४,२०० रुपये जमेच्या बाजूस ‘बक्षीस’ म्हणून लिहिले होते. त्या म्हणाल्या, “बक्षीस नव्हे, भाऊजी. ‘गेलेले परत आले’ असें लिहा.” आम्हीं तसा बदल केला.

आतां दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगून लेख पुरा करतों. ‘तुमचे पॉइंट आज रात्रीं बाद होणार, ह्या दुव्यावर बोट ठेवा’ अशा मजकुराचे संदेश हल्लीं घरोघर येतात, आणि वडील माणसेंच त्यांस अधिक बळी पडतात. पॉइंट मोडावयाचे ते बँकेच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा कार्डामागील क्रमांकावर फोन करूनच. ओटीपी कोणासही सांगूं नये, अनोळखी माणसानें पाठविलेली फाईल उघडूं नये. फसगत झालीच तर तत्काळ १९३० ह्या सरकारी क्रमांकावर कळवावें. जितका उशीर तितकी आशा कमी. दुसरी गोष्ट, न मागतां गळ्यांत पडणाऱ्या कार्डास नाहीं म्हणण्याचा आपणांस हक्क आहे. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं घालून दिलेल्या नियमांत मागणीवांचून कार्ड देण्यास मनाई आहे. आणि बाकी चुकती करून कार्ड बंद करण्यास सांगितल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत तें बंद न झाल्यास बँकेनें ग्राहकास दिवसाला ५०० रुपये द्यावे, असेंही त्यांत आहे. कार्ड बंद करण्यापूर्वीं त्यावरील पॉइंट मात्र वापरून घ्यावे.

तेव्हां आमच्या वाचक बंधुभगिनींनीं येत्या रविवारीं घरांतील सर्व कार्डें एका ताटांत काढून ठेवावीं. प्रत्येकावर पॉइंट किती, मुदत कोणती आणि कोठें मोडल्यास किती पैसे, ह्या तीन गोष्टी वहींत लिहाव्या. आणि त्याखालीं गेल्या वर्षीं व्याज, दंड व शुल्क म्हणून किती दिले, तो चौथा आंकडा लिहावा. तो आंकडा शून्य असेल तर पॉइंट खुशाल मोजावे. शून्य नसेल, तर आधीं तो शून्यावर आणावा. काशी कोठें पळून जात नाहीं.